स्वतःचे ज्यू गीत गाणाऱ्यांच्या तोंडी कसे पोहोचवावे

शुक्रवारी संध्याकाळी सिनेगॉगमध्ये शब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या विश्रामदिनाचे, स्वागत करणारे ‘लेखा दोदी’ हे गीत सुरू होते, तेव्हा तिथे बसलेल्यांपैकी कोणीही श्रोता नसतो. म्हातारेकोतारे गातात, मुले गातात, ज्याला सूर लागत नाही तोही गातो, आणि हझान, म्हणजे प्रार्थना गाऊन चालवणारा, पुढे उभा असला तरी तो गायक नसून ओळ धरून देणारा असतो. हौशी गीतकाराने आपल्या गीताला लोक कसे मिळवावेत याचा विचार येथून सुरू करावा, कारण ज्यू गीतांचा फार मोठा भाग ऐकण्यासाठी नव्हे, तर कोणत्या तरी प्रसंगी एकत्र गाण्यासाठी निर्माण झालेला आहे. घरी मोबाइलवर गीत ध्वनिमुद्रित करायचे, ते यूट्यूबवर टाकायचे, नातेवाइकांना दुवा पाठवायचा आणि मग आकडा वाढण्याची वाट पाहायची, हा मार्ग मीही काही वर्षे चोखाळला. त्यातून मला श्रोते मिळाले ते मावसभावंडांपुरतेच.

‘लेखा दोदी’चेच उदाहरण पाहावे. सोळाव्या शतकात आजच्या इस्राएलमधील त्सफत येथे शलोमो अल्काबेत्स यांनी ते रचले. शब्द आजही तेच आहेत. चाली मात्र इतक्या झाल्या की त्यांची मोजदाद कोणी करू नये. ‘आदोन ओलाम’ या स्तोत्राचेही तसेच आहे, कारण त्याचे वृत्त इतके सरळ आहे की जवळजवळ कोणतीही चाल त्यावर बसते. म्हणजे परंपरा शब्दांच्या बाबतीत कडक असली, तरी चालीच्या बाबतीत तिने दार उघडे ठेवलेले आहे. इस्राएलमधील संगीतकार नुरित हिर्श यांनी १९६९ साली हसिदी गीत महोत्सवासाठी ‘ओसे शालोम’ या शांतीच्या प्रार्थनेला चाल दिली, ती मंचावरून उतरून प्रार्थनेत गेली, आणि आज जगभरच्या अनेक सिनेगॉगांत लोक ती जुनी पारंपरिक चाल समजून गातात. अमेरिकेत डेबी फ्रीडमन (१९५१–२०११) यांची गीते पसरली ती मुलांच्या उन्हाळी शिबिरांतून. शिबिरात शिकलेली मुले घरी गेली, त्यांनी आपापल्या सिनेगॉगांत ती गायली आणि पुढे मोठ्यांना ती शिकावी लागली. फ्रीडमन यांच्या निधनानंतर न्यूयॉर्कमधील हझान घडवणाऱ्या विद्यालयाला त्यांचे नाव देण्यात आले.

आधी प्रसंग, मग गीत

त्यामुळे पहिले काम लेखणी उचलण्याचे नाही. आपल्या भोवतालच्या ज्यू जीवनात कोणत्या प्रसंगी गाण्याची गरज आहे आणि तिथे गाणे अपुरे पडते आहे, हे वर्षभर नुसते पाहावे. मी बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातील मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, घरात वाढल्यामुळे माझी उदाहरणे कोकण, मुंबई आणि ठाणे या पट्ट्यातली आहेत, पण ही पाहणी कोणत्याही समाजात अशीच करता येईल.

मलिदाचा, म्हणजे देवाचे आभार मानण्याचा, विधी घ्या. पोहे, गूळ, ओले खोबरे आणि फळे यांनी भरलेले तबक मध्ये ठेवले जाते आणि एलियाहू हानावीचे (संदेष्टा एलियाचे) गीत गायले जाते. त्या गीताच्या जागी दुसरे आणण्याचा प्रयत्न कोणी करू नये. तो फसेल, आणि फसायलाच हवा. मात्र आशीर्वाद संपून मलिदा वाटला जात असतो, पंधरा-वीस मिनिटे लोक बसलेले असतात, वातावरण अजून गाण्याचेच असते, तेव्हा एलियाहूविषयीचे साधे मराठी गीत तिथे सहज सामावते. लग्नातही तसेच आहे. वधू येते तेव्हा वराने ‘योनाती झिव’ हे गीत म्हणण्याची रीत आहे. त्या रीतीला हात लावू नये. पण आदल्या रात्रीची मेहंदी मोकळी आहे, आणि तिथे हल्ली चित्रपटगीतांचाच भरणा असतो. मुलीचे नाव ठेवण्याचा समारंभ, नव्या घरात प्रवेश, आजीचा पंचाहत्तरावा वाढदिवस अशा प्रसंगी यजमान स्वतःच विचारतात की ‘आपले’ असे काही गाणे आहे का. हा प्रश्न कानावर पडला की समजावे, जागा सापडली.

आपल्या सणांची जुनी मराठी नावे हा तर गीतकारासाठी उघडा खजिना आहे. रोश हाशानाला (वर्षारंभाला) नव्याचा सण, किप्पूरला (प्रायश्चित्ताच्या दिवसाला) दारफाळणीचा सण, तिशा बे-आवला बिरड्याचा सण, शिवाय खिरीचा सण: प्रत्येक नावात एक घर, एक स्वयंपाकघर आणि एक ऋतू आहे. ‘दारफाळणी’ (दारे लावून घेणे) हा शब्द नव्या पिढीतील मुलांना माहीत नसतो. तो गीताच्या ध्रुवपदात आला, तर मुले त्याचा अर्थ विचारतात आणि आजी सांगू लागते. तेवढ्याने गीताला घरात पाय ठेवायला जागा मिळते. बिरड्याचा सण मात्र यरुशलेममधील मंदिराच्या नाशाच्या शोकाचा आहे. त्यासाठी लिहिताना चालीत ठसका आणि शब्दांत चमत्कृती आणण्याचा मोह आवरावा.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईतील बेने इस्राएल मंडळींनी कीर्तनाचा मराठी साचा उचलून त्यात अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने बसवली, हेही विसरू नये. त्या रचनांतील पदे पुढे टिकली ती मुख्यतः स्त्रियांनी हाताने लिहून ठेवलेल्या वह्यांमुळे. घरात अशी वही असेल तर ती आधी वाचावी. तीतील साकी-दिंडीच्या चाली वृद्ध स्त्रियांच्या कानात अजून आहेत. त्याच वृत्तात नवे पद लिहिले, तर पहिल्याच दिवशी दहा-बारा जणी ते गाऊ शकतात, कारण त्यांना फक्त शब्द शिकायचे असतात.

शब्दांची काळजी

तहिलीम (स्तोत्रे) किंवा तनाखमधील (हिब्रू बायबलमधील) हिब्रू वचन घेतले, तर मूळ शब्दांवर कोणाचा स्वामित्वहक्क नाही. भाषांतराचे तसे नाही. छापील मराठी भाषांतर बहुधा कोणत्या तरी संस्थेच्या हक्कात असते, आणि भारतात लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो. म्हणून मूळ वचन समजून घेऊन मराठी ओळ स्वतः लिहावी. ती गाण्यासाठीही अधिक सोपी होते. मूळ हिब्रू पाठ पाहण्यासाठी सेफारिया हे विनामूल्य संकेतस्थळ पुरेसे आहे.

यापेक्षा मोठी अडचण आघाताची आहे. मराठीत शब्दाच्या कोणत्या अक्षरावर जोर दिला यावरून अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपल्या कानाला तो भेद जाणवतच नाही. हिब्रूत तो महत्त्वाचा असतो. ‘बारूख’मध्ये जोर शेवटी, ‘रूख’वर असतो, ‘मेलेख’मध्ये तो पहिल्या ‘मे’वर असतो. चाल बांधताना ‘बारूख’च्या ‘बा’वर सम आणली, की हिब्रू जाणणाऱ्याला ते गीत खुपते, आणि का खुपते हे तो सांगत नाही, तो फक्त गात नाही. हा भेद केवळ उच्चाराच्या सौंदर्याचा नाही. उत्पत्ती या तनाखच्या पहिल्या पुस्तकाच्या २९ व्या अध्यायात राहेलविषयी ‘बाआ’ हा एकच शब्द दोनदा येतो: सहाव्या वचनात आघात शेवटी, म्हणून ‘ती येत आहे’, नवव्या वचनात आघात आधी, म्हणून ‘ती आली’. राशी या भाष्यकाराने अकराव्या शतकात यावर टीप लिहून ठेवली आहे. गीत लिहून झाल्यावर हिब्रू येणाऱ्या माणसाकडून ओळी नुसत्या वाचून घ्याव्यात, जोराची अक्षरे पेन्सिलीने अधोरेखित करावीत, आणि मगच समेचा विचार करावा.

देवाच्या नावाविषयी एक प्रथा पाळणे शहाणपणाचे आहे. सराव करताना आणि बहुतेक ध्वनिमुद्रणांतही धार्मिक मंडळी मूळ नावाऐवजी ‘हाशेम’ आणि ‘एलोहेनू’ऐवजी ‘एलोकेनू’ म्हणतात. आपण तसे केले नाही, तर कर्मठ घरात आपले गीत पहिल्या ओळीलाच बंद होईल. प्रत्यक्ष प्रार्थनेत मात्र पूर्ण नावच घेतले जाते, हे शिकवताना सांगावे.

आणि आपले नाव? जुन्या पियूटकारांनी (प्रार्थनागीते रचणाऱ्यांनी) ते कडव्यांच्या आद्याक्षरांत गुंफले. ‘लेखा दोदी’च्या पहिल्या आठ कडव्यांची आद्याक्षरे जोडली की ‘शलोमो हालेवी’ असे वाचता येते. ‘तुका म्हणे’ ऐकत वाढलेल्या माणसाला ही नाममुद्रा परकी वाटायला नको. कागद हरवतो, ध्वनिफीत नाव न लावता पुढे जाते, पण आद्याक्षरे गीताबरोबर प्रवास करतात. हौशी माणसाला याहून स्वस्त नोंदणी मिळणार नाही.

गीताचा कागद तीन लिप्यांत करावा: देवनागरी, हिब्रू आणि रोमन. हा खटाटोप वाटेल, पण त्याचे कारण साधे आहे. १९४८ नंतर बेने इस्राएल समाजातील बहुसंख्य लोक टप्प्याटप्प्याने इस्राएलला गेले. तिथल्या नातवंडांना घरातले मराठी थोडेफार कळते, पण देवनागरी वाचता येत नाही. उलट, इथल्या अनेकांना हिब्रू लिपी प्रार्थनेपुरती येते. एकाच लिपीत छापलेला कागद अर्ध्या कुटुंबाला बाहेर ठेवतो.

दुसऱ्या आवर्तनाची कसोटी

चाल कशी असावी याविषयी मी एकच कसोटी सांगेन. ध्रुवपद दुसऱ्यांदा आले की न शिकवता लोकांनी त्यात सामील व्हावे. तसे झाले नाही तर दोष लोकांचा नाही. चाल एका सप्तकाच्या आत ठेवावी, आणि सर्वांत उंच स्वर सत्तर वर्षांच्या गृहस्थांनाही लागेल इतकाच असावा. माझे पहिले गीत तारसप्तकातल्या गंधारापर्यंत जात होते. मला ते गाता येत होते, म्हणून मी खूश होतो. दुसऱ्या कडव्यापर्यंत सभागृहात माझा एकट्याचाच आवाज उरला. हार्मोनियम किंवा गिटारच्या आधाराशिवाय गीत उभे राहते का, हेही पाहावे, कारण ऑर्थोडॉक्स सिनेगॉगांत शब्बाथला आणि सणाच्या दिवशी वाद्य वाजवले जात नाही, आणि महाराष्ट्रातील बहुतेक सिनेगॉगे त्याच रीतीची आहेत. टेबलावर हाताने धरलेल्या केहरव्यावर गीत चालले पाहिजे. शब्द नसलेला निगून लिहिणे हाही एक चांगला पर्याय आहे. त्यात भाषेची भिंतच राहत नाही.

लोकप्रिय चित्रपटगीताच्या चालीवर हिब्रू शब्द बसवण्याचा मोह सर्वांना होतो, आणि त्याला परंपरेत आधारही आहे: सीरियातील ज्यूंनी अरबी गाण्यांच्या चालींवर पिझमोनिम ही धार्मिक गीते रचली आणि ती आजही गायली जातात. घरगुती मेजवानीत ते चालून जाते. पण तेच ध्वनिमुद्रित करून यूट्यूबवर टाकले तर चालीच्या मालकाच्या वतीने यूट्यूबची यंत्रणा ते ओळखू शकते, आणि शिवाय ते गीत आपले स्वतःचे राहत नाही, हा मुद्दा वेगळाच.

हझानकडे कसे जावे

पहिल्यांदा गीत सादर करायचे ते प्रार्थनेच्या आत नव्हे. प्रार्थनेनंतर किद्दूश होते, द्राक्षरस आणि खाण्याभोवती लोक रेंगाळतात, तिथे नियम सैल असतात आणि पोट भरलेले असते. हझानला आठवड्याच्या मध्यावर, वेळ मागून भेटावे; शुक्रवारी दुपारी त्याला गाठणे म्हणजे नकार मागून घेणे. ध्वनिफीत पाठवू नये, समोर बसून गावे. त्याने एखाद्या शब्दावर आक्षेप घेतला तर वाद घालू नये, तो शब्द बदलता येतो का ते पाहावे. बहुतेक वेळा त्याचा आक्षेप व्याकरणाचा किंवा आघाताचा असतो आणि तो बरोबर असतो. चालीविषयी त्याचे मत विचारावे, कारण ज्या चालीत त्याने एक स्वर सुचवला ती चाल तो पुढच्या आठवड्यात स्वतःहून धरतो.

किद्दूशच्या आधी तीन-चार जणांना गीत पक्के शिकवून ठेवावे आणि त्यांना वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसवावे. ही लबाडी वाटत असेल तर वाटो. एकाच बाजूने येणारा आवाज कार्यक्रमासारखा ऐकू येतो आणि लोक शांत बसून ऐकू लागतात. चार बाजूंनी आला की ते गाऊ लागतात. स्त्रियांच्या भागात निदान दोन जणी असाव्यात, कारण गीत घरी नेण्याचे काम त्याच करतात. गीत लिहिणारी स्त्री असेल तर तिने हेही लक्षात घ्यावे की काही कर्मठ मंडळींत पुरुष परस्त्रीचे एकल गायन ऐकत नाहीत. याविषयी आपले मत काहीही असले, तरी आयोजकाला आधी विचारून घेतलेले बरे. समूहगीत, केवळ स्त्रियांसाठीची मैफल किंवा उदारमतवादी मंडळी असे मार्ग असतात. मुंबईत १९२५ साली स्थापन झालेली ज्यूइश रिलिजियस युनियन ही अशा उदारमतवादी प्रवाहाची संस्था, आणि तिच्या उभारणीत डॉ. जेरुशा झिराड या स्त्रीचा पुढाकार होता.

महाराष्ट्रातील ज्यूंची संख्या आता काही हजारांच्या घरात आहे. गीतकाराच्या दृष्टीने यात खंत करण्यासारखे आहे तसे सोयीचेही आहे. अलिबागच्या मलिद्यात गायलेले गीत महिनाभरात ठाण्याच्या लग्नात ऐकू येऊ शकते, कारण तीच माणसे दोन्हीकडे असतात.

पंचांग पाहून पाठवावे

गीत बाहेर पाठवण्याची वेळ चुकली तर चांगले गीतही वाया जाते. हानुक्का हा दिव्यांचा सण किसलेव महिन्याच्या २५ तारखेला सुरू होतो. त्याचे गीत सुक्कोथ हा मांडवांचा सण संपल्याबरोबर पाठवावे, म्हणजे मुलांना शिकवणाऱ्यांच्या हाती आठ-नऊ आठवडे राहतात. सणाच्या आठवड्यात आलेले गीत पुढच्या वर्षीसाठी बाजूला ठेवले जाते आणि विसरले जाते. पेसाखच्या दुसऱ्या दिवसापासून मोजल्या जाणाऱ्या ओमेरच्या ४९ दिवसांपैकी बऱ्याच दिवसांत आणि तम्मूझच्या १७ तारखेपासून आवच्या ९ तारखेपर्यंतच्या तीन आठवड्यांत अनेक घरे वाद्यसंगीत टाळतात. या काळात वाद्यांनी सजवलेले गीत पाठवणे असभ्यपणाचे ठरते. शब्बाथला तर काहीच पाठवू नये. भारतातून इस्राएलला पाठवताना ध्यानात ठेवावे की तिथली घड्याळे ऋतूनुसार आपल्यापेक्षा अडीच ते साडेतीन तास मागे असतात, त्यामुळे आपला शनिवार मावळला तरी त्यांचा मावळलेला नसतो. बुधवार-गुरुवार उत्तम, शुक्रवारच्या स्वयंपाकाच्या वेळी ते गीत कानावर पडते.

पाठवताना दोन ध्वनिफिती कराव्यात. एक ऐकण्याची, पूर्ण गीताची. दुसरी शिकण्याची, ज्यात फक्त एक आवाज आहे, लय संथ आहे आणि प्रत्येक ओळ दोनदा म्हटली आहे. दुसरीच अधिक उपयोगी पडते. त्यासाठी स्टुडिओची गरज नाही; गाद्या-उशा असलेली खोली, बंद पंखा आणि साधा मोबाइल पुरतो.

समुद्रापलीकडे

अश्दोद, लोद, रामला, दिमोना, बेर शेवा या गावांत मराठी बोलणारी बेने इस्राएल कुटुंबे आहेत, आणि ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक इस्राएलमधूनच निघत आले आहे. तिथे पोहोचायचे तर गीताचे ध्रुवपद हिब्रूत आणि कडवी मराठीत, ही रचना मला सर्वांत फलदायी वाटते: आजी कडवे गाते, नातू ध्रुवपद धरतो. इस्राएलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या पियूट आणि ध्वनिसंग्रहात वेगवेगळ्या समाजांच्या पारंपरिक चाली ऐकायला मिळतात; त्या ऐकून आपली चाल कोणत्या कुळातली आहे हे ओळखता येते आणि तिथल्या जाणकाराशी बोलताना ते सांगता येते.

इंग्रजी बोलणाऱ्या ज्यू मंडळींकडे गीत जायचे असेल तर तिथली वाट शिबिरे, मुलांच्या शाळा आणि गिटार घेऊन गाणी शिकवणारे स्वयंसेवक यांच्यातून जाते. या लोकांना हवा असतो एका पानाचा कागद: रोमन लिपीतील शब्द, वर स्वरमेळांच्या खुणा, खाली अर्थ. त्यावर परवानगी स्पष्ट लिहावी. मी लिहितो ती अशी: प्रार्थनेत, वर्गात व घरी गाण्यास मोकळीक आहे, ध्वनिमुद्रण करून विकायचे असल्यास विचारावे. परवानगीविषयी काहीच लिहिले नाही तर सावध शिक्षक ते गीत घेतच नाही. गीताला पैसे मिळू लागले, तर भारतात आयपीआरएस आणि इस्राएलमध्ये अकूम या संस्था रचनाकारांचे मानधन गोळा करतात. पण हौशी माणसाने त्या दिशेने पहिल्या वर्षी वेळ घालवू नये.

मराठी पण ज्यू नसलेल्या श्रोत्यांसाठी गाताना प्रस्तावना तीन वाक्यांची असावी. मंचावर गेल्यावर आपल्याला समाजाचा इतिहास, कोकणातला तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवार तेली (शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली) हे नाव, सारे सांगावेसे वाटते. ते मध्यंतरासाठी ठेवावे. कीर्तनाची सवय असलेल्या श्रोत्याला योसेफ आणि त्याच्या भावांचे आख्यान मराठीत ऐकायला मिळाले की बाकीचे तो आपणहून विचारतो.

गीत फिरू लागले की त्याच्या चालीत बदल होतील, एखादी ओळ गळेल, कोणी तरी एक कडवे जोडेल. सहा महिन्यांनी जे रूप लोक गातात तेच कागदावर उतरवावे आणि नवी प्रत वाटावी. जुन्या प्रती गोळा करताना त्यांवर हिब्रूत देवाचे नाव छापलेले असेल, तर त्या रद्दीत देऊ नयेत. सिनेगॉगच्या गेनिझाच्या, म्हणजे पवित्र नाव असलेले जुने कागद ठेवण्याच्या, पेटीत टाकाव्यात, आणि पुढच्या छपाईला नावाच्या जागी ‘ह’ एवढेच अक्षर ठेवावे, म्हणजे तो कागद स्वयंपाकघरात तेलाच्या हातानेही धरता येतो.